जिना मोकळा आहे का?

आज 14 एप्रिल. 1944 साली याच दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागल्याचे लक्षात आले. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके व दारूगोळा होता आणि कराचीला चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठीही त्याच जहाजात रचलेल्या होत्या. अग्निशमन दलाचे जवान पाण्याचा मारा करत राहिले. जहाज तिथेच बुडवावे की गोदीबाहेर न्यावे, यावर वरिष्ठांचा निर्णय होत नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, पाठोपाठ अर्ध्या तासात दुसरा. गोदी उद्ध्वस्त झाली, आसपासची वस्ती पेटली, शेकडो माणसे गेली. त्यांत मुंबई अग्निशमन दलाचे 66 जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ आजचा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि 20 एप्रिलपर्यंत अग्निशमन सप्ताह चालतो.

त्या जवानांना मानवंदना द्यायचीच. पण त्यांच्या मरणाची सुरुवात व्हिक्टोरिया गोदीत झाली नव्हती. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरायला ज्या क्षणी कोणीतरी मान डोलावली, त्या क्षणी ती झाली होती. ती आग कराचीच्या धक्क्यावर, माल चढताना थांबवता आली असती. युद्धाचा काळ होता, जहाजांची टंचाई होती, कारणे होती. कारणे नेहमीच असतात. आगीत उडी घेणाऱ्या जवानाचे धैर्य ज्या चुकीमुळे पणाला लागते, ती चूक बहुतेक वेळा काही महिने, काही वर्षे आधी होऊन गेलेली असते आणि ती पकडण्याची एकच वेळ असते, तपासणीची. म्हणून या सप्ताहात बोलायचे ते तपासणीबद्दल. तीही हॉटेल-मॉलची नव्हे. जिथे आपली मुले दिवसाचे सहा तास बसतात त्या शाळांची आणि जिथे आपण रात्री निर्धास्त झोपतो त्या इमारतींची.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे आणि तो दुबळा नाही. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006’ने इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा बसवण्याची आणि चालू ठेवण्याची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. सोसायटी असेल तर सोसायटीवर, शाळा असेल तर संस्थेवर. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचे असते. सोसायट्यांच्या बोलण्यात याला सरळ ‘फॉर्म बी’ म्हणतात. अधिकाऱ्यांना इमारतीत शिरून तपासणी करण्याचा, त्रुटी दिसल्यास नोटीस देण्याचा, धोका मोठा असेल तर वीज-पाणी तोडण्याचा आणि इमारत रिकामी करवण्याचा अधिकार आहे.

मग अडते कुठे? अडते ते इथे: प्रमाणपत्र देण्याचे बंधन मालकावर आहे, पण प्रत्येक शाळेत, प्रत्येक इमारतीत दरवर्षी स्वतः जाऊन पाहण्याचे तसेच बंधन पालिकेवर नाही. ती तपासणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर, वेळेवर आणि मनुष्यबळावर सोडलेली आहे. परिणामी इमारतीच्या सुरक्षिततेची साक्ष देणारी एजन्सी सोसायटीच निवडते, तिचे पैसे सोसायटीच देते आणि पुढच्या वर्षीचे काम मिळावे अशी तिची इच्छा असते. सगळ्या एजन्सी खोटे काम करतात असे मुळीच नाही. जीव ओतून काम करणारे तंत्रज्ञ यात आहेत. परंतु ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच मेहनताना घ्यायचा, ही रचनाच प्रामाणिक माणसाची परीक्षा पाहणारी आहे.

मुंबईच्या उपनगरातल्या एका चौदा मजली इमारतीतली तपासणी जवळून पाहायला मिळाली. रहिवाशांतल्या एका निवृत्त अभियंत्याने आग्रह धरला म्हणून ती झाली. ऑफिसच्या फायलीत जानेवारीचा फॉर्म बी होता, सही-शिक्क्यासह. खाली पंप रूमला कुलूप होते. किल्ली वॉचमनकडे नव्हती, सेक्रेटरींकडे होती आणि सेक्रेटरी कामावर गेले होते. तासाभराने किल्ली आली. आत पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वर असायला हवा होता, तो ‘मॅन्युअल’वर होता. म्हणजे आग लागली, कोणी वरच्या मजल्यावर व्हॉल्व्ह फिरवला, तरी पंप आपोआप सुरू होणार नव्हता. असे का, म्हणून विचारल्यावर प्लंबरने सांगितले की लाइनमध्ये कुठेतरी गळती आहे, दाब उतरत राहतो, त्यामुळे छोटा जॉकी पंप रात्रभर चालू-बंद होतो, पहिल्या मजल्यावरच्या लोकांना आवाजाचा त्रास होतो. तेव्हा कोणीतरी स्विच फिरवून ठेवला होता. कधी, ते कोणालाच आठवत नव्हते.

मग सगळे चौदाव्या मजल्यावर गेले. अशा यंत्रणेची खरी परीक्षा तिथेच होते, कारण खालच्या मजल्यावर पाणी टाकीच्या उंचीनेही येते. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे सर्वांत दूरच्या, सर्वांत वरच्या व्हॉल्व्हवर दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब मिळायला हवा. व्हॉल्व्ह फिरवला. आधी हवा सुस्कारली, मग गंजाचे लाल पाणी हातावर सांडले आणि थांबले. लाल पेटीत होज होता, पण त्याचे पितळी नोझल नव्हते. नोझलची चोरी हा सगळीकडचाच रडगाण्याचा विषय आहे. त्या मजल्यावरच्या एका आजींनी दारातून विचारले, “काय चाललंय?” अभियंत्याने सांगितले. त्या म्हणाल्या, “आम्हाला वाटत होतं ते सगळं चालू आहे.” गळती शोधून काढायला आणि गॅस्केट बदलायला दोन दिवस पुरले.

तो फॉर्म बी देताना कोणी चौदाव्या मजल्यापर्यंत गेले असेल का? वर्षातून एकदा पालिकेचा माणूस वरच्या मजल्यावर चढून तो एक व्हॉल्व्ह फिरवणार असेल, तर फायलीतल्या कागदाला अर्थ येतो. हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, असे आम्हाला वाटते.

जिन्याबद्दल मात्र पालिकेची वाट पाहायचे कारण नाही. आगीत माणसे ज्वाळांपेक्षा धुराने जास्त मरतात, हे प्रत्येक अग्निशमन जवान सांगतो. धूर वर चढतो आणि जिना हीच माणसांची उतरायची वाट असते. आपल्या जिन्यांत काय असते? चपलांचे रॅक, जुनी सायकल, कुणाच्या घराच्या रंगकामाचे उरलेले डबे, लग्नात मिळालेली आणि घरात न मावणारी कपाटे. जिन्याखाली मीटर रूम आणि मीटर रूममध्ये वॉचमनची गादी. मजल्यामजल्यावर जाणाऱ्या विजेच्या डक्टमध्ये केबल टाकण्यासाठी पाडलेली भोके कोणी बुजवत नाही. एका मजल्यावरची वायर पेटली की तो डक्ट अख्ख्या इमारतीचे धुराडे होतो. आपोआप बंद व्हायला हवा असा जिन्याचा फायर डोअर विटेने टेकवून उघडा ठेवलेला असतो, कारण येता-जाता ढकलावा लागतो. गच्चीच्या दाराला कुलूप असते, कारण पोरे वर जातात. बाल्कनीला पक्की ग्रिल असते, कारण चोरांची भीती. यातले प्रत्येक कारण खरे आहे आणि या सगळ्या कारणांची बेरीज एका रात्री समोर उभी राहते.

गोरेगावात 6 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे ती उभी राहिली. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतली इमारत. तळमजल्याच्या पार्किंगमध्ये साठवलेल्या चिंध्यांचे ढीग आणि वाहने पेटली, धूर वरच्या मजल्यांत भरला. किमान सात माणसे गेली. त्याआधी 22 जानेवारी 2022 ला ताडदेवच्या वीस मजली ‘कमला’ इमारतीत अठराव्या मजल्यावर आग लागली होती. एक पुनर्वसनाची इमारत, दुसरी ताडदेवसारख्या भागातली. आगीला पत्ता विचारायची सवय नाही. पुनर्वसनाच्या इमारतींबद्दल मात्र वेगळे सांगायलाच हवे. तिथल्या कुटुंबांना महिन्याचा मेंटेनन्स भरणे जड जाते, बिल्डर चावी देऊन निघून गेलेला असतो आणि पंप, पॅनेल, होज यांची जबाबदारी अचानक कमिटीवर येऊन पडते. अशा ठिकाणी फक्त नोटीस चिकटवून येणे हा अन्याय आहे. पहिली काही वर्षे तिथल्या यंत्रणेची देखभाल पुनर्वसन प्राधिकरणाने आणि पालिकेने मिळून उचलायला हवी.

आता शाळा. 16 जुलै 2004 ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातली आग गवताच्या छपराला लागली आणि 94 मुले गेली. एकाच इमारतीत एकापेक्षा अधिक शाळा भरत होत्या, उतरायची वाट अरुंद होती. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2009 ला निकाल दिला. अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या नावाने तो ओळखला जातो. मुलाच्या शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले आणि शाळांच्या इमारतींनी अग्निसुरक्षेचे नियम पाळलेच पाहिजेत, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलेच पाहिजे, असे निर्देश दिले. म्हणजे शाळेची तपासणी हा अग्निशमन खात्याचा रिवाज राहिलेला नाही, तो मुलाचा हक्क झाला आहे. पालकसभेत गणवेश आणि सहलीबरोबर हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक आईबापाला आहे. सरकारी व अनुदानित शाळांत तर शाळा व्यवस्थापन समितीवर पालकच बहुमतात असतात.

गावातल्या जिल्हा परिषद शाळेचा प्रश्न शहरापेक्षा वेगळा. तिथे उंच जिना नसतो, सहसा एकच मजला असतो, मैदानही असते. धोका असतो तो किचन शेडमध्ये: गॅस सिलिंडर, जुनी रबरी नळी, शेजारी तांदळाची पोती आणि लागूनच पहिलीचा वर्ग. अग्निशमन केंद्र तालुक्याच्या गावी किंवा त्याहून लांब. बंब पोहोचेपर्यंत जे व्हायचे ते होऊन जाते. तिथे तपासणी कोणी करायची? ग्रामपंचायतीकडे अग्निशमन अधिकारी नाही. केंद्रप्रमुख शाळेला भेट देतात, पोषण आहाराच्या नोंदी पाहतात. त्याच भेटीत नळी, रेग्युलेटर, शेडचे वर्गापासूनचे अंतर आणि विझवण्याच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, हे पाहण्याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण त्यांना देता येईल. त्यासाठी नवे पद नको आणि मोठा निधीही नको.

शहरांतली खरी काळजी त्या वर्गांची आहे ज्यांना शाळा म्हणून कोणी मोजतच नाही. सुरतेत 24 मे 2019 ला व्यापारी संकुलाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या क्लासमध्ये 22 मुलामुलींचा बळी गेला. खाली दुकाने, वर क्लास आणि जिन्यात आग. मुले खिडक्यांतून उड्या मारत असल्याची दृश्ये सगळ्या देशाने पाहिली. महाराष्ट्रातल्या कोणत्या तालुक्याच्या गावी असा क्लास नाही? दुकानांच्या वर, लोखंडी जिन्याने चढायचा, खिडक्यांवर जाहिरातीचा फ्लेक्स ताणलेला, एका दाराचा. तिथे बसणारी मुले दुपारपर्यंत ज्या शाळेत असतात, तिची तपासणी एखाद वेळी होतेही. संध्याकाळी ती जिथे जातात तिथे कोणी फिरकत नाही. बालवाड्या आणि पाळणाघरेही याच यादीत यायला हवीत. तिथली मुले तर स्वतःच्या पायांनी जिनाही उतरू शकत नाहीत.

जुन्या इमारतींच्या बाबतीत एक परदेशी प्रसंग सांगावासा वाटतो. 1 डिसेंबर 1958 ला अमेरिकेत शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेत आग लागली. 92 मुले आणि 3 शिक्षिका-जोगिणी गेल्या. आग तळघरात जिन्याच्या पायथ्याशी सुरू झाली होती. वरच्या मजल्यावर जिन्याला दार नव्हते, त्यामुळे धूर थेट वर्गांसमोरच्या व्हरांड्यात भरला. या शाळेची तपासणी काही आठवड्यांपूर्वीच झाली होती आणि ती तीत उत्तीर्ण झाली होती. कारण नवे नियम नव्या इमारतींना लागू होते. जुनीला सूट होती. तपासणाऱ्याने कायद्याप्रमाणे काम केले होते आणि तरीही ती इमारत मुलांसाठी सुरक्षित नव्हती. गिरगावातल्या चाळी, पुण्यातले वाडे, लाकडी जिन्याच्या जुन्या नामांकित शाळा पाहताना हा प्रसंग विसरता येत नाही. ‘आमची इमारत त्या नियमांच्या आधीची आहे’ हे वाक्य कानावर पडले की तिथेच तपासणीला जास्त वेळ द्यायला हवा. जुन्या लाकडी जिन्याच्या शाळेत वरचे वर्ग खाली आणणे, लहान वर्ग तळमजल्यावर ठेवणे, दुसरा जिना काढणे, एवढे उपाय वास्तूला धक्का न लावताही करता येतात.

आपल्याकडे तपासणी होते ती बहुधा दुर्घटनेनंतर. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 बाळे गेली. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी 23 एप्रिलला विरारचे रुग्णालय आणि 6 नोव्हेंबरला अहमदनगरचे जिल्हा रुग्णालय पेटले. मोहीम सुरू होते, फायली भरतात, नोटिसा जातात, पुढची बातमी येते आणि मोहीम विरते. तपासणीला वर्षाची ठरलेली वेळ लागते. शेताला पेरणीची लागते तशी.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात आणि दोन्ही खरे आहेत. पहिला, माणसे नाहीत. राज्यातल्या 29 महापालिकांतही अग्निशमन दलाच्या जागा रिकाम्या असतात आणि नगरपालिकांची स्थिती त्याहून बिकट. जो अधिकारी रात्री आगीवर जाऊन आला, त्यालाच सकाळी तपासणीला पाठवणे चूक आहे. उपाय एवढाच की तपासणीसाठी वेगळी माणसे नेमायची, बंबावरची नव्हे. दुसरा आक्षेप, तपासणी वाढली की चिरीमिरी वाढते. हा अनुभव सोसायटीच्या प्रत्येक सेक्रेटरीला असतो. त्याला तपासणीच बंद करणे हे उत्तर होऊ शकत नाही. उत्तर आहे ते तपासणीचा निकाल सगळ्यांसमोर ठेवण्यात. अधिकारी आला, कोणत्या मजल्यापर्यंत गेला, कोणता व्हॉल्व्ह फिरवला, किती दाब मिळाला, काय नादुरुस्त आढळले आणि ते कधीपर्यंत दुरुस्त करायचे, हे साध्या मराठीत एका पानावर लिहून इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी आणि शाळेच्या फाटकाजवळ लावायचे. चिरीमिरी घेऊन ‘सर्व ठीक’ लिहिणाऱ्याची सही दाराशी लटकलेली असेल आणि चौदाव्या मजल्यावरच्या आजी व्हॉल्व्ह फिरवून बघू शकत असतील, तर खोटे लिहायला हात कचरेल.

शाळेत तर त्या पानावर आणखी एक ओळ हवी: बाहेर पडण्याचा सराव कधी झाला. शिक्षकांना आधी सांगून, मुलांना रांगेत उभे करून केलेला कार्यक्रम हा सराव नाही. घंटा ठरलेल्या वेगळ्या ठोक्यांनी वाजली, दप्तरे जागेवर राहिली, शेवटचा शिक्षक स्वच्छतागृहात डोकावून बाहेर आला, मैदानात वर्गशिक्षकांनी हजेरीपट उघडून नावे पुकारली आणि एकही मूल गळले नाही, तर तो सराव. चाकाच्या खुर्चीवरचे मूल वरच्या वर्गात असेल तर त्याला कोण घेऊन उतरणार, हे त्या वेळी नावासकट ठरलेले असावे लागते. सहा महिन्यांतून एकदा हे करायला एक तास पुरतो.

आणि बंब आत येईल का, हे पालिकेनेच बंब नेऊन पाहावे. कागदावर रस्ता सहा मीटरचा असतो. रात्री अकरानंतर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की तो तीनचा उरतो. शाळेची कमान सुंदर असते आणि शिडीची गाडी तिच्याखालून जात नाही. वर्षातून एक रात्र प्रत्येक वॉर्डात रिकामा बंब गल्ल्यांतून फिरवला, तर कुठे अडतो त्याचा नकाशा सकाळपर्यंत तयार होईल. हा सप्ताह त्यासाठी योग्य आहे. प्रात्यक्षिकांच्या निमित्ताने गाड्या बाहेर निघतातच.

शाळांच्या परीक्षा आता संपत येतील. जूनच्या मध्यावर, विदर्भात त्यानंतर थोड्या दिवसांनी, वर्ग पुन्हा भरतील. मधले हे दोन महिने इमारती रिकाम्या असतात. वायरिंग बदलायला, जिन्यातली कपाटे हलवायला, बंद दुसरे दार उघडायला, किचन शेड वर्गापासून लांब नेण्यासाठी याहून सोयीचा काळ नाही. सोसायट्यांचा जुलैचा फॉर्म बीही याच काळात तयार व्हायला लागेल. तेव्हा महापालिका आयुक्तांनी, मुख्याधिकाऱ्यांनी आणि जिल्हा परिषदांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी या आठवड्यात एकत्र बसावे, आपल्या हद्दीतल्या शाळांची, क्लासेसची आणि जुन्या इमारतींची यादी काढावी आणि ज्या इमारतीला एकच जिना आहे तिच्यापासून सुरुवात करावी.